सागराच्या पोटात किती मावते?



एखाद्याच्या मनाचा मोठेपणा सांगावयाचा झाला म्हणजे आपण त्याला सागराची उपमा देतो. कितीही नद्या येऊन मिळाल्या तरी सागर आपली मर्यादा सोडीत नाही, ही कल्पना आपल्या मनात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. देवघरातील निर्माल्य असो की गावचे सांडपाणी असो, ते वाहत्या पाण्यात सोडले की आपली जबाबदारी संपली असा आपला परिपाठ. आणि सर्व पाण्यांचे अखेरचे ठिकाण म्हणजे समुद्र. आज आम्ही जो इतिहास सांगणार आहोत तो एका परीने ह्याच निश्चिंतपणाचा इतिहास आहे. पश्चिमेकडील थोर शास्त्रज्ञही एके काळी असेच निश्चिंत होते. गिरण्यांच्या आणि आगगाड्यांच्या धुराड्यांतून निघणारा वायू समुद्र गिळून टाकील, मग चिंता कसली, असे त्यांना वाटे. ही समजूत सर्वस्वी खोटी नव्हती. परंतु तीत खरे किती आणि खोटे किती, ह्याचा निवाडा होण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्या निवाड्याशी आपल्या नातवंडांचे हिताहित बांधलेले आहे, म्हणून तो मुळापासून पाहिला पाहिजे.

वायूचे नाव कार्बन डायॉक्साइड. जुन्या क्रमिक पुस्तकांत त्याला कर्बाम्ल वायू म्हणत. आम्ही सोयीसाठी त्याला नुसता कर्बवायू म्हणू. कोळसा, तेल, लाकूड, जे जे जळते त्याच्यातून तो निघतो. आपल्या श्वासातूनही निघतो. पाण्यात तो विरघळतो, हे कळण्यास प्रयोगशाळेत जाण्याचे कारण नाही. भर वैशाखात गोटीच्या सोडावॉटरची बाटली फोडली की जो फसफसाट होतो तो ह्याच वायूचा. बाटली बर्फात ठेवलेली असेल तर वायू बराच वेळ पाण्यात टिकतो. उन्हात तापलेली असेल तर गोटी आत जाताक्षणी निम्मे पाणी फेसाबरोबर बाहेर येते. ह्यात दोन नियम आहेत. पहिला विल्यम हेन्री ह्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०३ साली मांडला: पाण्यावर वायूचा दाब जितका अधिक, तितका तो पाण्यात अधिक विरघळतो. दुसरा नियम उष्णतेचा: थंड पाणी अधिक वायू धरते, ऊन पाणी कमी. शून्य अंशाच्या पाण्यात पंचवीस अंशांच्या पाण्यापेक्षा दुपटीहून अधिक कर्बवायू मावतो.

हे दोन नियम गोड्या पाण्याला पुरतात. समुद्राच्या पाण्याची गोष्ट निराळी निघाली. १८७० नंतरच्या दशकात याकोबसेन नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने समुद्राचे पाणी उकळून त्यातील वायू काढण्याचा प्रयत्न केला. नायट्रोजन आणि प्राणवायू थोड्याच उकळीत निघून गेले. कर्बवायू मात्र चिवटपणे पाण्याला धरून राहिला. १८७२ ते १८७६ ह्या काळात ब्रिटिशांचे ‘चॅलेंजर’ जहाज पृथ्वीच्या महासागरांतून फिरले. त्यावरील रसायनज्ञ ब्यूकॅनन ह्यालाही ह्या चिवटपणाचा अनुभव आला. ‘चॅलेंजर’ने आणलेल्या पाण्याची परीक्षा करून विल्यम डिटमार ह्याने १८८४ साली जो वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यात ह्याचे कारण स्पष्ट होऊ लागले. समुद्रातील कर्बवायू बहुतांशी वायुरूपात नसतोच. तो क्षारांशी जखडलेला असतो. आपल्या घरातील उदाहरण द्यावयाचे तर धुण्याच्या सोड्यात कार्बोनेट असते आणि खाण्याच्या सोड्यात बायकार्बोनेट असते. समुद्राच्या पाण्यातही हीच दोन रूपे आहेत. हवेतून आलेला कर्बवायू पाण्यातील कार्बोनेटाशी मिळतो आणि दोघांचे मिळून बायकार्बोनेट होते. पाण्यातील एकंदर कर्बाचे शंभर भाग केले तर सुमारे नव्वद भाग बायकार्बोनेटाचे, नऊ-दहा भाग कार्बोनेटाचे, आणि मोकळ्या वायूचा जेमतेम एक भाग. समुद्राची गिळण्याची शक्ती ती ही. आज हवेत जितका कर्ब आहे त्याच्या चाळीसपटींहून अधिक कर्ब महासागरांत ह्या रूपांनी साठलेला आहे.

आता ह्या प्रचंड कोठाराकडे पाहून कोणीही निर्धास्त व्हावे हे स्वाभाविक होते. स्वीडनचा विख्यात रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस ह्याने १८९६ साली हवेतील कर्बवायू वाढल्यास पृथ्वी किती तापेल ह्याचे गणित केले, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक असेल. परंतु त्या गणिताची त्याला धास्ती वाटली नाही. थंड देशातला मनुष्य. थोडी ऊब वाढली तर बरेच, असे त्याला वाटे. शिवाय पुढे लिहिलेल्या एका लोकप्रिय ग्रंथात त्याने असा हिशेब दिला की, माणूस जो कर्बवायू सोडतो त्याचे सहापैकी पाच हिस्से समुद्र शोषून घेतो.

ह्यानंतर तीस वर्षांनी अगदी उलट साक्ष पुढे आली. गाय कॅलेंडर हा इंग्लंडातील वाफेच्या यंत्रांचा जाणकार, हवामानशास्त्र हा त्याचा फावल्या वेळचा छंद. १९३८ साली त्याने लंडनच्या राजमान्य हवामानशास्त्रीय संस्थेपुढे निबंध वाचला. गेल्या पन्नास वर्षांत माणसाने सुमारे दीडशे अब्ज टन कर्बवायू हवेत सोडला, आणि त्याचे चारपैकी तीन हिस्से अजून हवेतच आहेत, असे त्याचे म्हणणे. समुद्राचे सगळे पाणी आळीपाळीने वर येऊन हवेला लागण्यास हजारो वर्षे जावी लागतील, तेव्हा समुद्र लवकर उपयोगी पडणार नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. एक म्हणतो पाच-षष्ठांश समुद्रात गेला. दुसरा म्हणतो तीन-चतुर्थांश हवेत राहिला. दोघेही प्रामाणिक, दोघेही अभ्यासू. मात्र कॅलेंडर पेशाने हवामानशास्त्रज्ञ नव्हता, म्हणून त्याचे बोलणे पुष्कळांनी मनावर घेतले नाही.

हा तंटा तोडण्यास साक्षीदार मिळाला तो अणुयुगात. झाडे आणि हवा ह्यांतील कर्बात अल्प प्रमाणात किरणोत्सर्गी कर्ब असतो. कोट्यवधी वर्षे जमिनीत पुरलेल्या कोळशातला मात्र केव्हाच संपून गेलेला असतो. म्हणजे कोळशाचा धूर हवेत मिसळला की दुधात पाणी घातल्याप्रमाणे हवेतील किरणोत्सर्गी कर्ब पातळ होणार. हान्स स्यूस ह्या ऑस्ट्रियन वंशाच्या शास्त्रज्ञाने झाडांच्या वलयांत ही भेसळ शोधून १९५५ साली प्रसिद्ध केली. पुढे तो कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेत गेला, आणि तेथील संचालक रॉजर रेव्हेल ह्याच्याबरोबर त्याने समुद्राचा हिशेब हाती घेतला. कर्बवायूचा एखादा कण हवेतून समुद्रात शिरण्यास सरासरीने सुमारे दहा वर्षे पुरतात, असे त्यांना आढळले. म्हणजे अऱ्हेनियसच खरा! दहा वर्षांत सारे समुद्राच्या पोटात. हवेत विशेष साठणार नाही. निबंधाचा मसुदाही ह्याच धोरणाने तयार झाला.

परंतु रेव्हेलने तरुणपणी समुद्राच्या पाण्यातील ह्याच कार्बोनेटांचा अभ्यास केला होता. त्याला जाणवले की पाण्यात शिरणे वेगळे आणि पाण्यात राहणे वेगळे. तयार झालेल्या हस्तलिखिताला त्याने वेगळ्या कागदावर टंकलेला एक मजकूर चिकटविला. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधातील ह्याच मजकुराने पुढचा सगळा इतिहास बदलला. त्यातील मुद्दा आम्ही एका घरगुती दृष्टान्ताने सांगतो.

जुन्या वाड्याची कल्पना करा. पुढे ओटी, मागे भले मोठे कोठार, आणि दोहोंच्या मध्ये एक अरुंद दार. शेतावरून धान्य येते ते प्रथम ओटीवर पडते. पोत्यात भरल्यावाचून ते ठेवता येत नाही, आणि रिकामी पोती ओटीवर मोजकीच आहेत. समुद्राचा वरचा शंभर-दोनशे हातांचा थर ही ओटी. खालचे हजारो हात खोल पाणी हे कोठार. आणि कार्बोनेट ही ती रिकामी पोती. एक पोते भरले की एक कमी झाले. जसजशी पोती संपतात तसतसे ओटीवर आलेले धान्य सांडते आणि परत अंगणात जाते. रेव्हेलच्या हिशेबाप्रमाणे हवेतील कर्बवायू शेकडा दहाने वाढला, तर समुद्राच्या वरच्या थरातील एकंदर कर्ब शेकडा एकानेच वाढतो. कण आत गेले हे खरे. पण तितकेच दुसरे कण बाहेर आले. हा दहास एकचा प्रकार आज रेव्हेलच्या नावाने ओळखला जातो. स्वतः रेव्हेलने मात्र हा मुद्दा थोडक्यातच सांगितला होता. बर्ट बोलिन आणि एरिक एरिक्सन ह्या दोन स्वीडिश शास्त्रज्ञांनी १९५९ साली तो विस्ताराने मांडला आणि दाखवून दिले की कोठाराचे दार उघडण्यास शतके लागतात. शतकाच्या अखेरीस हवेतील कर्बवायू पाव हिश्श्याने वाढलेला दिसेल, असे अनुमानही त्यांनी वर्तविले. प्रत्यक्षात औद्योगिक युगापूर्वीच्या मानाने ही वाढ त्याहूनही अधिक भरली.

प्रत्यक्षात काय झाले हे आपल्याला कळते, ह्याचे श्रेय चार्ल्स डेव्हिड कीलिंग ह्याला. मार्च १९५८ मध्ये त्याने हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर मोजमाप सुरू केले, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे ३१३ भाग होते. १९६४ साली पैशाच्या तुटीमुळे काही महिने नोंदी बंद पडल्या. तेवढा खंड सोडला तर ही नोंदवही दशकानुदशके चालू राहिली. गिरण्यांचे युग सुरू होण्यापूर्वी २८० च्या आसपास असलेला हा आकडा २०२४ साली ४२० च्या पुढे गेला आहे. सोडलेल्या वायूपैकी निम्म्याला थोडा कमी हवेत राहतो, सुमारे चौथा हिस्सा समुद्र घेतो, आणि उरलेला झाडे व जमीन घेतात.

समुद्र घेतो तो नेमका कोठे घेतो, हे कळण्यास महासत्तांच्या बाँबची अनपेक्षित मदत झाली. १९६३ च्या करारापर्यंत हवेत झालेल्या अणुस्फोटांनी किरणोत्सर्गी कर्बाचे प्रमाण जवळजवळ दुप्पट केले होते. तो कर्ब म्हणजे पाण्यात टाकलेला जणू रंगच. १९७२ ते १९७८ ह्या काळात संशोधक जहाजांनी अटलांटिक, पॅसिफिक आणि हिंदी महासागरांत फिरून हा रंग किती खोल उतरला ते पाहिले. बहुतेक ठिकाणी तो काहीशे मीटरांतच अडकला होता. उत्तर अटलांटिकात मात्र थेट खोल गेला होता. तेथे थंडीने जड झालेले खारे पाणी खाली बुडते. अंटार्क्टिकाच्या कडेलाही तसेच घडते. कोठाराची दारे ती हीच. ह्या मार्गाने गेलेले पाणी पुन्हा वर येण्यास शेकडो ते हजार वर्षे लागतात. ह्याखेरीज एक दुसरी वाट आहे: समुद्रातील सूक्ष्म वनस्पती कर्ब खाऊन वाढतात, आणि त्यांचे मृत अवशेष हिमवर्षावाप्रमाणे तळाकडे झिरपतात. पुढे १९९० नंतर आणखी हजारो ठिकाणी पाणी तपासले गेले, आणि २००४ साली पहिली भरवशाची शिल्लक निघाली: १८०० ते १९९४ पर्यंत समुद्राने माणसाच्या कर्बापैकी सुमारे ११८ अब्ज टन पोटात घेतला होता. (हा आकडा नुसत्या कर्बाचा; वायूचे वजन ह्याच्या साडेतीनपटींहून अधिक.)

शिल्लक समजली, पण दरवर्षीची आवक सारखी नाही, हेही त्याबरोबर समजू लागले. आपल्याकडील शेतकऱ्याला वर्तमानपत्रांतून परिचित झालेला ‘एल निनो’ घ्या. पॅसिफिकच्या विषुववृत्तीय पट्ट्यात एरवी खालचे थंड, कर्बाने भरलेले पाणी वर येते आणि हवेत कर्बवायू सोडते. एल निनोच्या वर्षी हे पाणी वर येणे मंदावते, म्हणून समुद्राचे सोडणे कमी होते. त्याच वर्षी जमिनीवर दुष्काळ पडून रानेवने सुकतात, जळतात, आणि समुद्राने वाचविलेले तेथे दामदुपटीने खर्च होते. दुसरे उदाहरण १९९१ च्या जूनमधील. फिलिपाइन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकाने आकाशात धूसर पडदा पसरला, पृथ्वी काही काळ सुमारे अर्ध्या अंशाने निवली, आणि निवलेल्या समुद्राने पुढील एकदोन वर्षे अधिक वायू ओढला. मग ओटी भरलेली असल्याने त्याचा ओढा उतरला.

सर्वांत मोठी खळबळ मात्र दक्षिण महासागराने उडविली. माणसाचा जो कर्ब समुद्र घेतो त्यापैकी शेकडा चाळीसच्या आसपास एकट्या दक्षिणेकडील समुद्रातून आत जातो. २००७ साली संशोधकांनी जाहीर केले की १९८१ पासून ह्या समुद्राची ओढ हवेतील वाढीच्या मानाने मागे पडत आहे. वारे जोराने वाहू लागल्याने खालचे जुने, कर्बाने भरलेले पाणी वर येऊ लागले होते. कोठाराचे दार थकले की काय, अशी भीती पडली. पुढे २०१५ साली नवा निष्कर्ष आला की २००२ च्या सुमारापासून तोच समुद्र पुन्हा जोमाने कर्ब घेऊ लागला होता. ह्या चढउतारात वाऱ्याचा वाटा किती, उष्णतेचा किती आणि ज्वालामुखीचा किती, ह्यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. परंतु दहा-वीस वर्षांतही समुद्राचा हात आखडतो आणि सैल होतो, एवढे निर्विवाद ठरले.

आपल्या दाराशी असलेल्या अरबी समुद्राचेही उदाहरण बोधक आहे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे ठाणे गोव्यात आहे. १९९४ पासून पुढील काही वर्षे तिच्या शास्त्रज्ञांनी ‘सागर कन्या’ जहाजावरून अरबी समुद्रातील कर्बाची मोजणी केली. तीत दिसले की हा समुद्र एकंदरीत कर्बवायू घेण्यापेक्षा देतोच अधिक. जो नैर्ऋत्य मोसमी वारा कोकणच्या शेतांवर पाऊस आणतो, तोच सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत वरचे पाणी बाजूस सारतो, आणि खालचे कर्बयुक्त पाणी वर काढतो. सागर म्हणजे केवळ घेणारा, हा समज आपल्याच अंगणात खोटा ठरतो.

आता ह्या सगळ्या इतिहासातील आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. १९६० नंतरच्या दशकात समुद्र दरवर्षी एक अब्ज टनाहून थोडा अधिक कर्ब घेत होता. २०१४ ते २०२३ ह्या दशकात तो वर्षाला सुमारे २.९ अब्ज टन घेत होता. आपण सोडतो त्याचा चौथा हिस्सा, हे प्रमाण मात्र फारसे हलले नाही. हे पाहून पुष्कळांस वाटते की समुद्राचा हिस्सा जणू निसर्गाने लिहून ठेवलेला आहे. आपण जितके जास्त जाळू तितके तो जास्त घेईल. श्रोतेहो, येथेच फसगत आहे. समुद्र घेतो तो हवेतील दाब आणि पाण्यातील दाब ह्यांमध्ये अंतर असते म्हणून. ते अंतर टिकले आहे ते आपण बहुतेक दर वर्षी आदल्या वर्षाहून अधिक धूर सोडीत आलो म्हणून. ज्या दिवशी आपण धूर कमी करू, त्या दिवसापासून समुद्राची आवकही उतरू लागेल. आणि हवेतून वायू काढून घेतला तर समुद्र आपल्याजवळचा काही भाग परत करील. त्यातच रिकामी पोती कमी होत आहेत, वरचे पाणी तापत आहे, आणि तापलेले हलके पाणी वर तरंगत राहून कोठाराचे दार आणखी अरुंद करीत आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत १९९४ ते २००४ ह्या दहा वर्षांत समुद्राच्या साठ्यात सुमारे २९ अब्ज टनांची भर पडलेली दिसली, आणि २००४ ते २०१४ ह्या दहा वर्षांत सुमारे २७ अब्ज टनांची. मोजणीतील चुकीची शक्यता धरूनही, हवेतील दाब वाढत असताना समुद्राची भर वाढली नाही, हे लक्षण शुभ म्हणता येत नाही.

समुद्राने जे घेतले तेही फुकट घेतलेले नाही. वरच्या पाण्यातील आम्लता औद्योगिक युगापासून सुमारे शेकडा तीसने वाढली आहे. आम्ही ज्याला रिकामी पोती म्हटले ते कार्बोनेटच कालवांच्या शिंपल्यांना, तिसऱ्यांना आणि प्रवाळांना आपली घरे बांधण्यास लागते. पोती आपण भरून टाकली, की त्यांच्या घरांचे सामान महाग होते. पुराणात देवदानवांच्या मंथनातून निघालेले हलाहल शंकराने कंठी धारण केले. आपल्या कारखान्यांतून निघालेल्या हलाहलाचा मोठा घोट समुद्राने घेतला आहे. परंतु त्याचा कंठ निळा झालेला दाखविण्यास रसायनशास्त्रज्ञाची मोजपट्टी लागते, म्हणून आपल्याला तो दिसत नाही, इतकेच.

अऱ्हेनियस आणि कॅलेंडर ह्यांच्या तंट्याचा निकाल काय लागला, हे सांगून हा विषय पुरा करतो. अऱ्हेनियसचे उत्तर फारसे चुकले नव्हते. मुदत चुकली होती. हजारो वर्षे धीर धरला तर आपल्या कर्बाचा बराच मोठा भाग खरोखरच समुद्रात जाऊन बसेल, मात्र आपण जितके अधिक जाळू तितका तो हिस्साही घटेल. कॅलेंडरचा आकडा चुकला, पण समुद्र आपल्या घाईला बांधलेला नाही हे त्याने अचूक ओळखले होते. आपण गेल्या दोनशे वर्षांत जे जाळले ते समुद्र हळूहळू घेईल. आपले व्यवहार मात्र वर्षावर्षाचे, फार तर पिढीचे आहेत. हे अंतर समुद्र भरून काढणार नाही. ते आपल्यालाच आपल्या चुली, गिरण्या आणि गाड्या ह्यांच्या बाजूने कमी करावे लागेल. सागर उदार आहे ह्यात शंका नाही. पण उदार माणसाच्या घरीसुद्धा मागणाऱ्याने त्याच्या कोठारात किती आहे आणि त्याचे दार केवढे आहे, हे पाहूनच पदर पसरावा.